हप्ते थकलेत, फ्लॅटचा भाव पडलाय आणि 'मदत करणारा' माणूस दारात आलाय, आता काय करायचं?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: २०२३ च्या सुरुवातीला वाघोलीत टू बीएचके घेतला, सगळं धरून ६४ लाखांना. हाउसिंग फायनान्स कंपनीचं ४५ लाखांचं कर्ज, नवरा-बायको दोघांच्या नावावर, हप्ता साधारण साडेचाळीस हजार. मिस्टरांची नोकरी गेली, दोन हप्ते थकले, तिसरा येत्या ५ तारखेला आहे. ब्रोकर म्हणतो आज ५३ च्या वर कोणी देणार नाही. अशात मिस्टरांच्या मित्राच्या ओळखीचा एक माणूस आला. तो म्हणतो फ्लॅट माझ्या इन्व्हेस्टरच्या नावावर ४६ लाखांना करून द्या, तो कर्ज फेडेल, तुम्ही तिथेच भाड्याने राहा आणि दोन वर्षांनी त्याच भावात परत घ्या. फी ३५ हजार. दोन सही केलेले कोरे चेक त्याला देऊन झालेत, आणि तोपर्यंत कंपनीचे फोन उचलू नका असं त्याने सांगितलंय.

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी चेकचं बघा. आजच ज्या बँकेचे चेक आहेत तिथे त्या दोन नंबरांवर स्टॉप पेमेंट टाका, ॲपवरून दोन मिनिटांत होतं. आणि त्या माणसाला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका की अमुक नंबरचे दोन कोरे चेक तुमच्या फीच्या सिक्युरिटीसाठी दिले होते, कुठलाही व्यवहार झालेला नाही, आम्ही तुमच्याकडून एक रुपया घेतलेला नाही, चेक परत करा. हा मेसेज यासाठी, की स्टॉप पेमेंटने चेक बाउन्स झाला तरी समोरचा केस टाकू शकतो, तेव्हा देणं नव्हतंच हे दाखवायला तारखेचा कागद लागतो. मेसेज सौम्य भाषेत टाका, भांडू नका.

आता माझ्याबद्दल एक ओळ. चौदा वर्षं मी कर्जवसुलीत काढली, म्हणजे टेबलाच्या पलीकडे, आणि गेली काही वर्षं अलीकडे बसून कर्जदारांचे कागद बघतो. त्यामुळे ही ऑफर मी इतक्या वेळा ऐकलीय की पुढचं वाक्य काय असेल तेही सांगू शकतो. 'हे फक्त सिक्युरिटीसाठी आहे हो' असं म्हणाला ना तो?

पहिल्यांदा भावाचं डोक्यातून नीट करून घ्या कारण भीती तिथून सुरू होते. ६४ चे ५३ झाले म्हणजे ११ लाख बुडाले असं तुम्ही धरून चाललाय, तसं नाहीये. तुमच्या ॲग्रीमेंटवर किंमत ५७ लाख आहे, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख ८५ हजार, ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्यूटी जवळपास ४ लाख, नोंदणी ३० हजार, झाले ६४. हे सात लाख सरकारला गेलेले पैसे आहेत, ते पहिल्या दिवशीच गेले, तेजी असती तरी रीसेलवाला ते तुम्हाला वेगळे मोजून देणार नव्हता. खरी घट ५७ ची ५३, म्हणजे ४ लाख, तीही ब्रोकरचं खरं मानलं तर. पेपरात पुण्याचे आकडे वर चाललेत असं छापून येतं आणि तुमच्या गेटवर मात्र भाव खाली, असं होतं, कारण शहराची सरासरी आणि तुमची सोसायटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी त्याच बिल्डरचा तिसरा फेज उभा असेल आणि तो 'स्टॅम्प ड्यूटी आमच्याकडून, मॉड्युलर किचन फ्री' म्हणून विकत असेल तर तुमच्या रीसेलला कोण विचारतो. त्यात टँकरचं पाणी. पण असा भाव कायमचा नसतो, नवा माल संपला की गिऱ्हाईक परत जुन्या बिल्डिंगकडे वळतं. कधी वळेल ते मी सांगू शकत नाही आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

आणि ५३ हा आकडा आला कुठून तेही तपासा. तो ब्रोकर आणि हा मदतवाला एकमेकांना ओळखतात का, हा पहिला प्रश्न. आधी भाव पाडून बोलायचं, माणूस घाबरला की मग ४६ ची ऑफर गोड लागते, जुनी पद्धत आहे. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च करून तुमच्या बिल्डिंगमधले गेल्या सहा-आठ महिन्यांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढा, त्यात प्रत्यक्ष व्यवहार किती रुपयांना झाला ते असतं. वेबसाइट कधी कधी रडवते, रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर बसा. तीन-चार इंडेक्स टू हातात आले की कोण खरं बोलतंय ते कळेल.

आता हिशोब बघा. ५३ लाखांचा फ्लॅट, कर्ज बाकी साधारण ४३. मधे उरले १० लाख. तो माणूस तुमच्यासाठी आलेला नाही, या दहा लाखांसाठी आलाय. ज्याचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त आहे त्याच्या दारात ही मंडळी जातच नाहीत, काय मिळणार तिथे. ४६ ला लिहून घेतलं, ४३ कंपनीला भरले, तुमच्या हातात तीन, त्यातून फी आणि भाड्याचं डिपॉझिट कापलं की तुम्ही मोकळे आणि फ्लॅट त्याचा.

'दोन वर्षांनी परत' हे कसं चालतं ते मी एकदा अगदी जवळून बघितलं. हडपसरकडचं एक कुटुंब, २०१९ चं प्रकरण. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक शंभराचा स्टॅम्प पेपर होता, नोटरीचा लाल शिक्का, वर मथळा 'परतीचा करारनामा'. त्यात लिहिलं होतं की घेणार हा फ्लॅट देणार यांना ठरलेल्या रकमेत परत करील. रकमेची जागा कोरी. तारखेची जागा कोरी. दुसऱ्या बाजूला दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदलेलं खरेदीखत, फोटो, अंगठे, पूर्ण स्टॅम्प ड्यूटी, आणि त्यात एक ओळ की 'संपूर्ण मोबदला मिळाला, कसलीही तक्रार नाही'. मी त्यांना विचारलं तिथे वाचलं नाही का, तर म्हणाल्या वाचायला वेळच दिला नाही, टोकन नंबर पुकारला, आत गेलो, कॅमेऱ्यात बघा म्हणाला, अंगठा ठेवा म्हणाला, झालं. सात मिनिटं. नंतर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपला आणि मालकाने, हो आता तो मालक, घर खाली करायची नोटीस दिली.

कायद्याचा मुद्दा असा की परत द्यायची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण म्हणून धरला जाऊ शकतो, आपल्याकडे गावाकडे ज्याला मुदत खरेदी म्हणतात ते. अट वेगळ्या कागदावर असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ते गहाण होतच नाही, सरळ विक्री होते. हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं म्हणून कागद दोन असतात. मग तुम्ही कोर्टात जा, वर्षं घाला. समोरचा विनापरवाना सावकारी करतोय असं दाखवता आलं तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करून मालमत्ता परत मिळवायचा रस्ता आहे, काहींना मिळालीही आहे, पण त्यासाठी घर आधी घालवायची काय गरज? आणि समजा तो माणूस अगदी प्रामाणिक निघाला, तरी दोन वर्षांनी ४६ ला परत घेताना ७ टक्क्यांनी सव्वातीन लाख स्टॅम्प ड्यूटी परत भरायची, आणि ४६ लाख आणायचे कुठून? आजच हप्ते थकलेल्याला तेव्हा नवं कर्ज कोण देणार. हा एकच प्रश्न त्याला विचारा आणि चेहरा बघा.

याचेच भाऊबंद आणखी आहेत, ते पटापट सांगतो. एक, 'फ्लॅट मला राहायला द्या, हप्ता मी भरतो' म्हणणारा, नोटरीवर करार करतो, पाच-सहा हप्ते भरतो, मग भरणं बंद, आत तो आणि सिबिल खराब तुमचं. दोन, कुलमुखत्यारपत्र मागणारा. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, खरंय, पण त्या मुखत्यारपत्रात विकायचा अधिकार असेल तर तो तुमच्या वतीने तिसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखत करून देऊ शकतो, मग मालकी जाते. तीन, 'व्याजदर कमी करून देतो' म्हणून फोन, लिंक, ओटीपी. चार, सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवून देतो म्हणणारे कन्सल्टंट, फी आधी. सेटलमेंटसाठी कंपनीशी कर्जदार स्वतः बोलू शकतो, मधल्या माणसाची जादू काही नसते, आणि सेटल झालेलं कर्ज सिबिलवर 'सेटल्ड' असंच दिसतं, 'क्लोज्ड' नाही, हे ते सांगत नाहीत.

या लोकांना तुमचा पत्ता मिळतो कसा असं विचारतात सगळे. मित्र, ब्रोकर, कधी वसुलीवाल्या एजन्सीतलाच कोणी. आणि सगळ्यात जास्त पेपरातून. कंपनीने ताब्याची कारवाई केली की जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणजे नाव, फ्लॅट नंबर, बाकी रक्कम सगळं छापून येतं. मी वसुलीत होतो तेव्हा नोटीस छापून आली की दोन दिवसांत कर्जदार चिडून फोन करायचे की तुमच्याकडचे पाच जण येऊन गेले. आमचं कोणीच गेलेलं नसायचं.

'फोन उचलू नका' हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. का ते सांगतो. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बुडीत कर्जात धरलं जातं. मग सरफेसी कायद्याच्या, म्हणजे गहाण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार कंपनीला देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांची. त्या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता आणि कंपनीने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नंतर १३(४) ने आधी सांकेतिक ताबा, म्हणजे दारावर नोटीस चिकटते, राहता तुम्हीच. प्रत्यक्ष बाहेर काढायला सहसा कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन येतात. ताब्याच्या कारवाईविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, ४५ दिवसांत अर्ज करता येतो, पुण्यात डीआरटी आहे. लिलावाच्या पहिल्या वेळी विक्रीची ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि इथे लोकं फसतात: पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहिला आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे वेळ भरपूर आहे, अनेक महिने आहेत, पण प्रत्येक पायरीला तारीख आहे, आणि रजिस्टर पोस्ट घ्यायचं नाही म्हणून सांगणारा माणूस तुमच्या तारखा खातो. पोस्ट परत पाठवली तरी नोटीस लागू होते, दाराला चिकटवतात.

माझ्याही हातून असं एकदा झालंय. नवा-नवा बाहेर पडलो होतो, एका क्लायंटचे ४५ दिवस मी ताबा नोटिशीच्या तारखेऐवजी पेपरात छापून आल्याच्या तारखेपासून मोजले. उशीर माफ करून घेण्यात जीव गेला. तेव्हापासून फाइलच्या पुठ्ठ्यावर पहिल्या पानाआधी तारखा लिहितो, तुम्हीही लिहा.

दुसरा गैरसमज, 'चावी कंपनीला देऊन टाकतो आणि सुटतो'. २००८ नंतर अमेरिकेत काही राज्यांत लोकांनी खरंच चाव्या पाठवून दिल्या होत्या, तिथला कायदा तसा होता. इथे नाही. लिलावात ४० आले आणि देणं ४५ असेल तर उरलेले पाच तुमच्याकडून वसूल करता येतात, सहकर्जदाराकडूनही, म्हणजे ताई तुमच्या पगारापर्यंत ते येऊ शकतात. उलट लिलावात जास्त आले तर वरचे पैसे तुमचे, ते मागून घ्यायचे.

मग करायचं काय. तुमचं खातं अजून एनपीए झालेलं नाही हे सोनं आहे. दोन हप्ते एकदम जमत नसतील तर एक भरा, सगळ्यात जुना थकलेला हप्ता आधी फिटतो आणि दिवस मागे सरकतात. एकदा एनपीए झालं की थकलेलं सगळं भरल्याशिवाय खातं सुरळीत होत नाही. सोनं मोडा, भिशी उचला, एफडी मोडा, पण हा एक हप्ता ५ तारखेच्या आत. क्रेडिट कार्डवरून मात्र नको, आणि ॲपवरच्या झटपट कर्जावरून तर अजिबात नको.

मग कंपनीत जाऊन दोन गोष्टी मागा: व्याजदर आणि मुदत. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, २०२५ मध्ये ६.५० वरून ५.२५ वर आला. बँकांची नवी कर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असल्यामुळे तिथे हे खाली येतं, हाउसिंग फायनान्स कंपन्या स्वतःचा दर लावतात, तिथे जुन्या गिऱ्हाईकाला मागितल्याशिवाय मिळत नाही. थोडी कन्व्हर्जन फी घेतात आणि करून देतात. तुमच्या आकड्यांवर सांगतो: ४३ लाख बाकी, ९ टक्के, हप्ता साडेचाळीस हजार. दर सव्वाआठ झाला आणि मुदत वाढवून २५ वर्षं केली तर हप्ता ३४ हजारांच्या आत येतो, महिना साडेसहा हजार वाचतात. फुकट नाहीये हे, शेवटपर्यंत तसंच ठेवलं तर एकूण १५-१६ लाख जास्त जातील. पण नोकरी लागली की हप्ता वाढवायचा किंवा मधे रक्कम भरायची, वैयक्तिक फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या, गृहकर्जावर आधी फेडायचा दंड घेता येत नाही. नोकरी लागेपर्यंत तीन-चार महिने फक्त व्याज भरू द्या असंही मागता येतं. देतीलच असं नाही, मागायला काय जातं.

एवढं करूनही जमणार नसेल तर विका, पण स्वतः, उघड्या बाजारात, लिलावाआधी. कर्ज असलेला फ्लॅट विकता येत नाही असं कोणी सांगितलं असेल तर चूक आहे, रोज होतात असे व्यवहार. कंपनीकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचं पत्र, आणि मूळ कागदांची यादी घ्यायची, घेणाऱ्याची बँक तुमच्या कंपनीच्या नावाने थेट रक्कम देते, उरलेली तुम्हाला, कागद परस्पर जातात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम. किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, खाली जात असेल तर लक्षात ठेवा, स्टॅम्प ड्यूटी रेकनरवरच लागते आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर इन्कम टॅक्सवालेही रेकनरचाच आकडा धरतात, म्हणून ४६ सारख्या किमतीला घेणाराही खरं तर विचार करतो, न करणाऱ्याचा हेतू वेगळा असतो.

विकण्याआधी एक मधला मार्ग: फ्लॅट भाड्याने द्या आणि काही महिने सासरी-माहेरी किंवा लहान जागेत राहा. करार नोंदणीकृतच करा. मुलांची शाळा, लोकं काय म्हणतील, हे मला कळतं, पण भाडं आणि तुमचा पगार मिळून हप्ता चालला तर घाईने विकायची वेळच येत नाही. आणि मेंटेनन्स थकवू नका, सोसायटीची एनओसी अडकली की चांगलं गिऱ्हाईक निघून जातं.

मिस्टरांना सोबत घेऊन जा. नोकरी गेलेला माणूस कंपनीच्या ऑफिसात मान खाली घालून बसतो, मी शेकड्याने बघितलेत, आणि मित्राने आणलेला माणूस त्याला 'साहेब' म्हणतो म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. त्यांना दोष देऊ नका, पण सही मात्र दोघांनी वाचल्याशिवाय नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तुमच्या अंगठ्याशिवाय तो व्यवहार होत नाही.

अर्ज लेखी न्या, एक पान पुरे: नोकरी कधी गेली, रिलीव्हिंग लेटर जोडलंय, एक हप्ता भरलाय, दर आणि मुदत बदलून हवी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ते म्हणतील 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा', ठेवून येऊ नका, शिक्का देत नसतील तर तिथेच उभं राहून तोच अर्ज त्यांच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा. उत्तर आलं नाही किंवा उडवून लावलं तर हाउसिंग फायनान्स कंपन्यांची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर होते, फुकट, बँक असती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो असतो. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर तेही त्यातच लिहा, स्क्रीनशॉट जोडून. कंपनीचं उत्तर आलं की आकडे मला इथे टाका, नवा हप्ता बरोबर काढलाय का ते बघून सांगतो.